बदकांच्या शिकारीची जुनी फायबर होडी: किती पैसे मोजावेत?

न्यू जर्सीत ऑगस्ट संपत आला की जुन्या होड्यांच्या जाहिरातींत एक वेगळाच माल दिसायला लागतो. बारा-चौदा फुटांच्या बुटक्या होड्या, रंग चिखलाचा नाहीतर वाळक्या गवताचा, काठाला खरोखरचं गवत बांधलेलं, मागे पंधरा-वीस हॉर्सपॉवरचं इंजिन आणि खाली गंजलेला ट्रेलर. बदकांच्या शिकारीसाठी वापरतात त्या या होड्या. फोटोत दोघींत काही फरक दिसत नाही आणि एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट असते. त्यात गंमत म्हणजे कधीकधी महागडीच आतून कुजलेली निघते.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा विषय हळूहळू मिटलाच. तेव्हा मराठी माणसाला ही होडी कशाला हवी, असं कोणी विचारेल. पण इथल्या बार्नेगॅट नावाच्या खाडीत उन्हाळ्यात निळे खेकडे पकडायला जाणारे आपले लोक कमी नाहीत. त्यांना हवी असते गुडघाभर पाण्यात जाणारी, दोन माणसांना ढकलता येणारी, साध्या गाडीमागे ओढता येणारी स्वस्त होडी. या सगळ्या अटींत बसणारी होडी शोधायला गेलं की शेवटी गाडी बदकवाल्यांच्या दारातच थांबते. पक्ष्यांचे फोटो काढणारेही हीच घेतात, कारण ती मुळात पक्ष्यांना दिसू नये म्हणूनच बनवलेली असते.

हिची किंमत काढणं मोटारीसारखं सोपं नाही. अमेरिकेत जुन्या बोटींच्या भावांची मार्गदर्शक पुस्तकं आणि संकेतस्थळं आहेत, पण त्यांत मोठ्या कंपन्यांचे मॉडेल सापडतात. बदकांच्या होड्या बऱ्याचदा एखाद्या गावातल्या छोट्या कारखान्याने मोजक्याच काढलेल्या असतात आणि त्यातले कितीतरी कारखाने कधीच बंद पडले. म्हणून भाव स्वतःच काढावा लागतो. तो काढताना वय, रंग, शिकारीचं सामान हे सगळं नंतर बघायचं. आधी बघायचं ते एकच: होडीच्या अंगात पाणी किती मुरलं आहे.

मूळची होडी कशी होती

बार्नेगॅट खाडीची स्वतःची एक होडी आहे, तिला स्नीकबॉक्स म्हणतात. १८३६ साली वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन नावाच्या होडी बांधणाऱ्याने ती पहिल्यांदा केली, असं मानलं जातं. साधारण बारा फूट लांब, नाळ म्हणजे पुढचं टोक चपटं आणि गोलसर, वरून जवळजवळ पूर्ण झाकलेली आणि मधे माणूस आडवा होऊ शकेल एवढंच तोंड. शिकाऱ्याने त्यात निजून राहायचं, भोवती डिकॉय म्हणजे लाकडाची बनावट बदकं पाण्यावर सोडायची आणि वाट बघायची. पाण्याच्या वर होडी इतकी थोडी दिसते की उडत्या बदकाला तो दलदलीचाच एक तुकडा वाटावा.

या होड्या पांढऱ्या सीडर लाकडाच्या असत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर फायबरग्लास आलं, तेव्हा अनेकांनी जुन्या लाकडी होडीवरूनच साचा काढला आणि त्यात फायबरच्या होड्या ओतायला घेतल्या. आकार तोच, पण दुखणी वेगळी. लाकडी होडीचं लाकूड डोळ्यांना दिसतं, फळी कुजली की कळते, तेवढी काढून नवी बसवता येते. फायबरमध्ये लाकूड आत गेलं आणि दिसेनासं झालं.

फायबर म्हणजे काय आणि आत काय असतं

काचेच्या तंतूंची चटई, त्यात पॉलिएस्टर रेझिन नावाचा चिकट द्रव भिजवायचा, तो घट्ट झाला की झालं फायबरग्लास. सगळ्यात बाहेर जेलकोटचा थर असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर. रंग आणि चकाकी त्याची, आणि पाणी आत शिरू न देण्याचं पहिलं काम त्याचंच. एवढंच असतं तर होडी शंभर वर्षं टिकली असती, कारण हा पदार्थ गंजत नाही, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही.

पण नुसतं फायबर लवचीक असतं. चौदा फुटांचा नुसता पातळ पत्रा लाटेवर लवलव करेल. त्याला ताठपणा यावा म्हणून जुन्या होड्यांत तीन ठिकाणी लाकूड कोंडलेलं असतं. तळाला लांबीत तुळया असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. डेकच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, पोटात प्लायवूड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं. आणि ट्रान्सम, म्हणजे मागची आडवी भिंत जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्यात प्लायवूडचे दोन थर चिकटवून भरलेले असतात. लाकडाची जाडी साधारण दीड इंच. या सगळ्यावर फायबरचा लेप. लेप शाबूत आहे तोवर लाकूड कोरडं. लेपाला भोक पडलं की पाणी आत जातं आणि मग बाहेर यायची वाट नसते.

चौथी गोष्ट फोम. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींना, पाणी भरलं तरी बुडू नये एवढी तरंगण्याची सोय ठेवणं १९७० च्या दशकापासून बंधनकारक आहे. त्यासाठी तळ आणि वरचा फळा यांच्यामधल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम ओततात. एक घनफूट फोम साधारण २७ किलो वजन पाण्यावर तोलून धरतो. नवा फोम पाणी पीत नाही. पण वर्षानुवर्षं पाण्यातच बसून राहिला, त्यात हिवाळ्यात ते पाणी गोठत आणि वितळत राहिलं, की त्याच्या बारीक बारीक पेशी फुटतात आणि तो पाणी धरायला लागतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं; जर्सीचा एक हिवाळा म्हणजे असं फुगणं-आकसणं कितीतरी वेळा.

बॉस्टन व्हेलर नावाची होडी १९५८ साली आली ती याच फोमच्या जोरावर: दोन फायबर कवचं आणि मधे सगळीकडे फोम. १९६१ साली तिचे निर्माते डिक फिशर होडीत बसलेले असताना ती मधोमध करवतीने कापली आणि अर्धी होडी त्यांना घेऊन तरंगत राहिली. ते फोटो लाइफ साप्ताहिकात आले आणि कंपनीचं नाव झालं. तिचं तेरा फुटी मॉडेल बदकवाल्यांनाही आवडतं. जुनी घेताना मात्र तिथेही प्रश्न हाच, की फोमपर्यंत पाणी कुठून पोचलं का.

तपासायला कुठून सुरुवात करायची

वजनापासून. बहुतेक लोक रंग, इंजिन आणि ट्रेलर बघतात आणि वजन कोणी करत नाही. माझ्या मते हीच एक चाचणी अशी आहे की विकणाऱ्याने कितीही गोड बोललं तरी काटा खोटं बोलत नाही.

समजा त्या मॉडेलचं मूळ वजन कारखान्याच्या जुन्या माहितीपत्रकात २५० पाउंड दिलं आहे आणि तुमच्या काट्यावर ३४० भरलं. बॅटरी, नांगर, पेट्रोलची टाकी, डिकॉयच्या पिशव्या आधीच बाहेर काढलेल्या आहेत. म्हणजे नव्वद पाउंड, म्हणजे जवळजवळ ४१ किलो, कुठून तरी आले. थोडा भाग नंतरच्या रंगाचा आणि दुरुस्त्यांचा धरला तरी बाकीचं पाणीच, चाळीस लिटरच्या आसपास, लाकडात आणि फोममध्ये जिरलेलं.

ट्रेलरसकट वजन करायचं तर महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर काटे असतात. एकदा होडीसह, एकदा नुसता ट्रेलर, आणि वजाबाकी. होडी लहान असेल तर इंजिन उतरवून दारातच जमतं. नाळ टांगत्या काट्यावर आणि मागची बाजू लाकडाच्या ठोकळ्यावर, मग त्याच दोन जागांवर उलट. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे होडीचं वजन. मागची बाजू अपेक्षेपेक्षा फारच जड आली तर पाणी ट्रान्समकडे साठलंय असा संशय घ्यायचा, कारण पार्किंगमध्ये होडी नाळ वर करूनच ठेवतात आणि आतलं पाणी मागे उतरतं.

विकणारा वजन करू देत नसेल तर? तेही एक उत्तरच आहे, पण प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. म्हातारा माणूस असतो, इंजिन उतरवायला कोणी नसतं. मग होडीतलं पाणी सोडायचं बूच काढा, नाळ उंच करा आणि दहा मिनिटं थांबा. आठवडाभर पाऊस नसताना बुचातून तपकिरी पाणी ठिबकत राहिलं तर ते वरचं नाही.

दुसरी चाचणी कानाची. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो, तसंच. नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्यायची आणि इंचाइंचाने ठोकत जायचं. लाकूड कोरडं आणि लेपाला चिकटलेलं असेल तर आवाज खणखणीत आणि सगळीकडे एकसारखा येतो. जिथे लेप सुटलाय किंवा लाकूड मऊ पडलंय तिथे आवाज बसका होतो. खडूने तिथे खूण करत जा. दहा मिनिटांत डेकवर एक नकाशा तयार होतो, आणि या खुणा कशाभोवती जमतात ते बघणं महत्त्वाचं. बहुतेक वेळा त्या स्क्रूभोवती जमतात.

इथे बदकांच्या होडीची खास कुंडली सुरू होते. साध्या मासेमारीच्या होडीला मालक चार-दोन कडी-कोयंडे लावतो. बदकवाला मात्र काठाभोवती गवत बांधायला पट्ट्या ठोकतो, मागे लपायचा पडदा उभा करायला पाइपांचे सॉकेट, बंदूक टेकवायला फळी, डिकॉय ठेवायला कठडा, कुत्र्याला चढायला शिडी. प्रत्येक मालक आपापली भर घालतो आणि आधीच्याची भोकं रंगाखाली बुजवतो. एका होडीवर शंभराहून जास्त स्क्रू असणं काही नवल नाही. त्यावर ओलं गवत नोव्हेंबर ते जानेवारी बांधलेलं. म्हणजे हंगामभर डेकवर ओला पोतेराच. स्क्रू लावताना भोकात सीलंट भरलं असेल तर ठीक. घाईत नुसताच पिळला असेल तर प्रत्येक स्क्रू ही पाण्याला आत नेणारी नळी.

एका चौदा फुटी होडीचा असा एक स्क्रू मालकाच्या परवानगीने काढला होता. स्टेनलेसचा, वरून अगदी चकचकीत. बाहेर आला तेव्हा आट्यांमध्ये काळपट ओला भुगा अडकलेला, मागोमाग भोकातून दोन थेंब गळले, आणि आंबूस, कुजक्या लाकडाचा वास आला. मालकाचं म्हणणं होतं की होडी बारा महिने गॅरेजमध्येच असते. ते खरंही असेल. पाणी एकदा आत गेलं की गॅरेजमध्येही वाळत नाही. वरून फायबर, खालून फायबर, आणि बाहेर पडायला वाट तेवढी स्क्रूच्या भोकाएवढी. म्हणून होडी कुठे ठेवली होती याच्यापेक्षा डेकवर किती भोकं आहेत आणि ती कशी भरली आहेत, हा प्रश्न मोठा.

ट्रान्समला स्वतंत्र वेळ द्या. इंजिन वर उचललेल्या स्थितीत लॉक करा आणि खालच्या टोकावर, पंख्याजवळ, हाताने जोर द्या. दुसऱ्या माणसाने ट्रान्समकडे बघायचं. जरासुद्धा लवली किंवा कडेला भेग उघडझाप करताना दिसली तर आतलं प्लायवूड गेलं. इंजिनच्या बोल्टभोवती तांबूस ओघळ, बोल्टच्या वॉशरखाली फायबर दबून खळगा, वरच्या काठावरची ॲल्युमिनियमची पट्टी सैल, या सगळ्या त्याच आजाराच्या खुणा. मालक तयार असेल तर आतल्या बाजूने, खालच्या भागात, बारीक ड्रिलने भोक पाडायचं. भुसा पिवळसर आणि कोरडा आला तर मन शांत. काळा आणि ओला आला तर पुढचं बोलणं वेगळ्या आकड्यावरून. भोक एपॉक्सीने, म्हणजे जास्त घट्ट चिकटणाऱ्या रेझिनने, लगेच बुजवायचं, हे सांगायला नको.

ओलावा मोजायचं यंत्रही मिळतं. ते उपयोगी आहे, पण पावसात भिजलेल्या होडीवर, जवळ धातू असेल तिथे किंवा तांबं मिसळलेल्या रंगावर ते भलतेच आकडे दाखवतं. नाणं आणि वजनकाटा यांच्या सोबतीला ठेवावं, त्यांच्याऐवजी नको.

तळ बघायला खाली झोपावं लागतं. फायबर होड्यांच्या तळाला फोड येतात अशी भीती सगळे घालतात. ते फोड येतात मुख्यतः वर्षभर पाण्यातच उभ्या असलेल्या बोटींना. बदकांची होडी ट्रेलरवर राहते, तिला तो आजार क्वचित. हिचा शत्रू म्हणजे शिंपल्यांचा किनारा, खडी, आणि पहाटे खाडीवर धरलेला पातळ बर्फ. तळाच्या मधल्या रेषेवर आणि नाळेच्या टोकावर जेलकोट घासून काचेचे तंतू उघडे पडतात. उघडे तंतू वातीप्रमाणे पाणी ओढतात. बर्फाने नाळेवर पाणपातळीच्या रेषेत आडवे चरे पाडलेले दिसतात. ही दुरुस्ती मात्र सोपी आणि स्वस्त; घासून, वाळवून, काचेच्या तंतूंचं कापड आणि एपॉक्सी चढवायची. नुसत्या जेलकोटमध्ये जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर तिकडे फार लक्ष देऊ नका. एकाच बिंदूतून चहूकडे फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आदळलं होतं, आणि एका लांब सरळ रेषेतल्या भेगा म्हणजे आतली तुळई हलते आहे. दुसरी गोष्ट गंभीर.

मॅट रंगाबद्दल एक इशारा. चकचकीत होडीवर दुरुस्ती दिसते, कारण प्रकाश वाकडा पडतो. मातकट मॅट रंगाखाली काहीही लपतं, आणि बदकांच्या होडीला तर दरवर्षी नवा रंग मारण्याची रीतच आहे. म्हणून बाहेरून न बघता टॉर्च घेऊन आतून, डेकखाली बघायचं. आतल्या बाजूला कोणी रंग मारायच्या भानगडीत पडत नाही. तिथे वेगळ्या रंगाचं ठिगळ, मोटारीच्या पत्र्याला वापरतात तसली लांबी (पुट्टी), किंवा डब्यातून फवारलेला पिवळा घरगुती फोम दिसला तर दुरुस्ती कोणत्या दर्जाची झाली ते कळतं. आणखी एक विचारा: जुनी दुरुस्ती एपॉक्सीने केली की पॉलिएस्टरने? पॉलिएस्टरवर एपॉक्सी छान चिकटतं, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. उत्तर माहीत असणारा मालक सहसा होडी सांभाळणारा असतो.

इंजिन आणि ट्रेलर

यावर फार लिहीत नाही, कारण हे तपासणारा मेकॅनिक कुठेही मिळतो. इंजिन थंड असतानाच पोचा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या, आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. खालच्या गिअरचं तेल दुधाळ असेल तर सील गेलं. चालू इंजिनातून पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. ट्रेलरचं चाक उचलून फिरवा, घरघर ऐकू आली तर बेअरिंग गेलं. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवीकोरी आणि तारीख बारा वर्षांपूर्वीची, असं ट्रेलरच्या बाबतीत हमखास सापडतं. असा टायर घरी नेताना रस्त्यातच फुटतो.

होडीवरचे दोन शिलालेख मात्र नीट वाचा. मागच्या भिंतीवर उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. १९७२ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत तो सक्तीचा आहे. पहिली तीन अक्षरं कारखान्याची. १९८४ नंतरच्या होडीत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. जाहिरातीत २००६ आणि क्रमांकात ९१ असेल तर तिथेच बोलणं सुरू होतं. दुसरी म्हणजे क्षमतेची पाटी: किती माणसं, किती वजन, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. पाटी वीस म्हणते आणि मागे चाळीसचं इंजिन लटकतंय, असा थाट बदकवाल्यांत बराच दिसतो. त्याने विम्याचा घोळ होतोच, पण ट्रान्सम वर्षानुवर्षं दुप्पट ओझं सोसत आला आहे हेही त्यातून कळतं.

आता हिशेब

होडी, इंजिन आणि ट्रेलर हे तीन वेगळे सौदे आहेत असं समजून आकडे मांडायचे. पुढचे आकडे नुसते हिशेबाची रीत दाखवायला घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे. मागणी ३८०० डॉलरची. त्या वयाचं, तेवढ्याच ताकदीचं चालू इंजिन सुटं १५०० ला मिळतं. ट्रेलर ५०० चा, पण टायर आणि बेअरिंगवर २५० घालावे लागणार, म्हणजे हाती २५०. उरले २०५०, विकणारा नुसत्या होडीचे एवढे मागतो आहे.

तशीच कोरडी होडी इंजिन-ट्रेलरशिवाय १८०० ला जाते असं तुमच्या पाहणीत आलं, तर मागणी अडीचशेने जास्त आहे, घासाघीस करून विषय संपतो. पण ट्रान्सम मऊ निघाला तर? कारखान्यात दुरुस्तीचे २००० सांगतात, कारण तिथे तासावर मजुरी लागते आणि हे काम वेळखाऊ: आतलं कवच कापायचं, कुजलेलं खरवडायचं, वाळवायचं, नवं प्लायवूड चिकटवायचं, पुन्हा लेप. मग होडीचा भाव १८०० वजा २००० म्हणजे शून्याखाली. इंजिन आणि ट्रेलरचे १७५० आणि त्यातून हे दोनशे वजा, असे १५५०. हा तुमचा आकडा. स्वतः करणार असाल तर सामानाला चारशे धरा आणि तीन-चार शनिवार-रविवारांची किंमत तुमची तुम्ही लावा. बहुतेक जण ती शून्य लावतात आणि तिथे हिशेब चुकतो.

तळातला फोम भिजलेला असेल तर मी होडीचा भाव लावायच्या फंदातच पडणार नाही. सगळा फळा कापून फोम उकरणं हे छंद म्हणून करायचं काम आहे. आणि हा फक्त पैशांचा मामला नाही. या होड्यांचा काठ पाण्यापासून वीतभर उंच. त्यात चाळीस लिटर पाणी तळात, दोन माणसं, कुत्रा, चार डझन डिकॉय. नोव्हेंबरच्या गार पाण्यात होडी भरली तर ज्या फोमने तोलून धरायचं तो आधीच पाणी पिऊन बसलेला. अशी होडी फुकट मिळाली तरी महाग, कारण फायबर जाळता येत नाही, भंगारवाला घेत नाही, शेवटी कचरा डेपोला पैसे देऊन टाकावं लागतं.

शिकारीच्या सामानाचे वेगळे पैसे देऊ नका. मालकाने पडद्यावर हजार डॉलर घातलेले असतात आणि ते त्याला वसूल करायचे असतात. खेकडे पकडणाऱ्याला तो पडदा काढून टाकायचा आहे, आणि काढल्यावर मागे भोकंच राहणार. उलट चांगल्या कारागिराची लाकडी सीडरची स्नीकबॉक्स असेल तर तिचा भाव या हिशेबात बसतच नाही. ती संग्राहकांची वस्तू. न्यू जर्सीतल्या टकरटन गावी सप्टेंबरात डिकॉय आणि शिकारीच्या होड्यांचा मेळा भरतो, तिथे अशा होड्या शेजारी शेजारी बघायला मिळतात. काही विकत न घेताही तिथे तासभर फिरलं तर कोणत्या होडीसाठी लोक खरंच थांबतात ते समजतं.

भाव हंगामावरही हलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात शिकारी घाईला आलेला असतो. फेब्रुवारीत तीच होडी अंगणात जागा अडवून बसलेली असते आणि मालकाच्या बायकोचंही त्याबद्दल काही म्हणणं असतं. खेकड्यांचा मोसम उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याला फेब्रुवारीच सोयीची. फक्त त्या थंडीत आतलं पाणी गोठलेलं असतं. बुचातून ठिबकणार नाही आणि गोठलेलं लाकूड टणक वाजतं. म्हणून दोन-तीन दिवस थंडी ओसरली की मगच तपासायला जायचं.

कोकणातल्या वाचकांसाठी दोन ओळी. आपल्याकडच्या फायबर होड्यांना हीच परीक्षा लागू आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा तळ बघायला आणि ठोकून बघायला तोच काळ बरा. फक्त पावसाने वरून ओली असते, एवढं धरून चालायचं. लाकडी होडीला वरून फायबर मारून घेतलेलं असेल तर जास्त सावध व्हा. चांगल्या कोरड्या लाकडावर मारलेलं फायबर आयुष्य वाढवतं, पण गळती लपवायला ओल्या लाकडावर मारलेलं असेल तर आत पाणी कोंडूनच ठेवलेलं असतं. काठाजवळ, जिथे फायबर संपतं आणि लाकूड सुरू होतं, तिथे पातळ पातं सरकवून बघा. सहज आत गेलं तर दोघांची फारकत झाली आहे.

सौदा ठरला की कागद. न्यू जर्सीत बारा फुटांहून लांब होडीला टायटल (मालकीचा कागद) लागतं आणि इंजिन असेल तर नोंदणीही लागते. टायटलवरचा क्रमांक आणि ट्रान्समवरचा क्रमांक एकेक अक्षर जुळवा. ट्रेलरचे कागद वेगळे, ते बरेच लोक हरवतात. विक्रीपत्रावर होडी, इंजिन आणि ट्रेलर अशा तीन ओळी, तिन्हींचे क्रमांक आणि तिन्हींची वेगवेगळी किंमत लिहून घ्या. पुढे इंजिन बदललं किंवा ट्रेलर विकला तर तोच कागद कामाला येतो.